जास्त रॅम घ्यावी की वेगवान रॅम? लॅपटॉप उघडण्याआधी काय बघायचं

लॅपटॉप जड चालायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. पण रॅम शोधायला बसलं की प्रत्येक स्टिकवर, म्हणजे रॅमच्या सुट्या पट्टीवर, दोन आकडे दिसतात. एक जीबीचा, म्हणजे ८, १६, ३२. दुसरा वेगाचा, म्हणजे २६६६, ३२००, ५६००. बेताच्या पैशांत बहुधा एकच आकडा मोठा घेता येतो, आणि नवखा माणूस इथेच अडकतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. रॅम कमी पडत असेल तर आकार वाढवा. पुरत असेल पण एकाच स्टिकवर चालत असेल तर दुसरी स्टिक घाला. वेगाच्या आकड्याचा नंबर यानंतर लागतो, आणि तोवर बहुतेकांचं काम झालेलं असतं. हे असं का, ते समजलं की तुमच्या लॅपटॉपपुरता निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येईल.

कमी पडणं वेगळं, हळू असणं वेगळं

प्रोसेसरला रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. रॅम भरली की विंडोज, लिनक्स किंवा मॅक काम थांबवत नाहीत. रॅममधल्या माहितीचे फारसे वापरात नसलेले छोटे तुकडे, म्हणजे पानं, ते डिस्कवर नेऊन ठेवतात आणि लागतील तेव्हा परत आणतात. ही ने-आण चांगल्या एसएसडीवरही, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवरही, १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास जाते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर १० मिलिसेकंद लागतात.

हे आकडे इतके लहान आहेत की त्यांतलं अंतर जाणवत नाही. म्हणून असं समजा, की रॅममधून एक गोष्ट आणायला एक सेकंद लागतो. मग तीच गोष्ट एसएसडीवरून आणायला पाव तासाहून थोडं जास्त लागेल. हार्ड डिस्कवरून आणायची तर आज मागितलेली गोष्ट उद्या हातात पडेल, सत्तावीस-अठ्ठावीस तासांनी.

आता वेगवान रॅम घेऊन काय मिळतं ते याच मापाने बघा. त्या एका सेकंदातले काही शतांश वाचतात, कधी तेवढेही नाही. एका बाजूला सेकंदाचा पाव तास होतोय आणि दुसऱ्या बाजूला सेकंदाचा छोटासा तुकडा वाचतोय. म्हणून रॅम खरोखर कमी पडत असेल तर वेगाचा विचार त्या दिवशी करायचाच नाही.

पायरी १: कमी पडतेय का, ते मोजा

अंदाजाने ठरवू नका. रोजची सगळी कामं उघडा. ब्राउझरच्या नेहमीच्या तेवढ्या टॅब, व्हिडिओ कॉल, एक्सेलची मोठी फाइल, फोटो एडिटिंग, जे असेल ते. मुद्दाम जास्त उघडू नका आणि मुद्दाम आवरूही नका. अर्धा तास काम केल्यावर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी.

इथे नवखे लोक फक्त टक्केवारी बघतात आणि घाबरतात. ७० टक्के भरलेली दिसली म्हणजे रॅम संपत आली असं नाही. उरलेली रॅमही विंडोज रिकामी ठेवत नाही. अलीकडे वापरलेल्या फाइली तिथे साठवून ठेवते, म्हणजे पुन्हा उघडताना वेळ जात नाही. कॅश्ड म्हणून दिसतो तो हा भाग, आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की तो लगेच सोडून दिला जातो. बघायचा तो अव्हेलेबलचा आकडा. १६ जीबीच्या मशीनवर तुमचं जडातलं जड काम चालू असताना तीन-चार जीबी अव्हेलेबल राहत असेल तर रॅम कमी पडत नाहीये. तोच आकडा काहीशे एमबीवर येऊन टेकत असेल तर पडतेय.

जवळच कमिटेड म्हणून एक जोडी दिसते, समजा १४.८/१७.५. पहिला आकडा म्हणजे चालू प्रोग्रामांना विंडोजने कबूल केलेली एकूण जागा. दुसरा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेज फाइल (रॅममधून हलवलेली पानं ठेवायची जागा) मिळून असलेली मर्यादा. कबूल केलेली सगळी जागा प्रत्यक्षात वापरली जातेच असं नाही, त्यामुळे पहिला आकडा रॅमपेक्षा थोडा वर गेला तर काळजी नको. तो रोजच्या रोज रॅमच्या दीडपट होत असेल तर मात्र तुमच्या कामाला ही रॅम अपुरी आहे.

शंका उरली तर रिसोर्स मॉनिटर उघडा आणि मेमरीच्या टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स प्रति सेकंद हा आलेख बघा. नाव भीतिदायक आहे, पण बिघाडाशी त्याचा संबंध नाही. हवं असलेलं पान रॅममध्ये सापडलं नाही आणि डिस्कवरून आणावं लागलं, एवढाच त्याचा अर्थ. नवा प्रोग्राम उघडताना तो क्षणभर उसळणारच. नुसतं एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर जाताना शेकड्यांत उसळत असेल आणि त्याच वेळी लॅपटॉप अडकत असेल, तर कारण सापडलं. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख असतो. हिरवा असेपर्यंत ठीक, पिवळा वारंवार दिसला की विचार करा, लाल म्हणजे अपुरी.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आणि डिस्क हेही बघून घ्या. मेमरी मोकळी आहे आणि सीपीयू १०० टक्क्यांवर आहे, तर कोणतीही रॅम घालून उपयोग नाही. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा, रॅम नंतर. याबाबत माझ्या मनात जराही शंका नाही.

पायरी २: लॅपटॉप काय घेऊ देतो

पुष्कळ जणांचा निर्णय इथेच परस्पर होऊन जातो. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही. एलपीडीडीआर या नावाची रॅम असेल तर जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली. ॲपलच्या एम१ चिपपासूनच्या सगळ्या मॅकबुकमध्ये ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतही तसंच आहे. टास्क मॅनेजरमध्ये फॉर्म फॅक्टरपुढे एसओडिम लिहिलं असेल तर काढता येणारी स्टिक आहे. रो ऑफ चिप्स लिहिलं असेल तर सोल्डर केलेली. काही मॉडेलमध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट मोकळा, असं मिश्रण असतं. स्लॉट्स यूज्ड ही ओळ अशा मशीनवर कधी कधी चुकीचं सांगते, म्हणून निर्मात्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खात्री करा. जास्तीत जास्त किती जीबी चालते हेही तिथेच मिळतं.

रॅमची पिढी, म्हणजे डीडीआरपुढचा आकडा, जुळलीच पाहिजे. डीडीआर३ च्या लॅपटॉप स्टिकला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. डीडीआर४ च्या मशीनमध्ये डीडीआर५ घालून वेग वाढवू, हा विचार सोडून द्या.

वेगाची मर्यादाही प्रोसेसर ठरवतो. इंटेलच्या कोअर आय५-८२५०यू मध्ये डीडीआर४ जास्तीत जास्त २४०० ने चालते, १०२१०यू मध्ये २६६६ ने, ११३५जी७ मध्ये ३२०० ने. रायझन ५ ५५००यू चीही मर्यादा ३२०० च. म्हणजे ८२५०यू च्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची स्टिक बसेल, चालेलही, पण २४०० नेच. फक्त वेगासाठी जास्त पैसे मोजले असतील तर ते वाया गेले. लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, डेस्कटॉपसारखी रॅमचा वेग वाढवायची सोय बहुधा नसतेच. आपण ज्याला निवड समजतो, ती पुष्कळदा निर्मात्याने आपल्या वतीने आधीच करून ठेवलेली असते.

पायरी ३: वेगाचा आकडा वाचायला शिका

३२०० ला सगळे मेगाहर्ट्झ म्हणतात. खरं तर तो एका सेकंदातल्या देवाणघेवाणींचा आकडा आहे, दशलक्षांत. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून घड्याळ निम्म्यावर, १६०० वर चालतं. सीपीयू-झेडसारख्या प्रोग्राममध्ये १६०० च्या आसपासचा आकडा बघून रॅम अर्ध्या वेगाने चालतेय असं वाटून घाबरू नका. ती बरोबर चालतेय.

एका वेळी ८ बाइट जातात, म्हणून ३२०० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला २५६०० एमबी. काही लेबलांवर पीसी४-३२००एए लिहिलेलं असतं, काहींवर पीसी४-२५६००. वेग दोन्हींचा एकच. २५६०० दिसलं म्हणून ती आठपट वेगवान नाही.

आता यातला सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग. रॅमचा वेग दोन प्रकारचा असतो. सेकंदाला किती डेटा वाहतो हा एक, आणि मागणी केल्यापासून पहिला बाइट यायला किती वेळ लागतो हा दुसरा. दुसऱ्यासाठी लेबलवर सीएल नावाचा आकडा असतो. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा, नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर३-१६००, सीएल ११: उत्तर १३.७५. डीडीआर४-३२००, सीएल २२: पुन्हा १३.७५. डीडीआर५-५६००, सीएल ४६: साधारण १६.४. एवढ्या वर्षांत वाहण्याचा वेग साडेतीनपट झाला, पण पहिल्या बाइटची वाट बघणं कमी झालेलं नाही, उलट किंचित वाढलं.

वर्डमध्ये लिहिणं, मेल, वेबसाइट बघणं, हिशेब ठेवणं यांत प्रोसेसर छोट्या छोट्या गोष्टी मागत राहतो. त्यातल्या बहुतेक त्याच्या स्वतःच्या कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या वेगवान मेमरीत, सापडतात. म्हणून २६६६ वरून ३२०० वर गेल्यावर या कामांत काही वेगळं जाणवत नाही.

वाहण्याचा वेग कामाला येतो तो मोठ्या प्रमाणात डेटा सरकतो तिथे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणारी चिप मुख्य रॅमच वापरते, त्यामुळे गेम खेळताना फरक दिसतो. मोठ्या झिप फाइली आणि व्हिडिओ एन्कोडिंगमध्येही थोडाफार. आणि अलीकडे लोक लॅपटॉपवरच भाषेची एआय मॉडेल चालवू लागलेत, तिथे तर हिशेब थेट आहे. मॉडेल ५ जीबीचं असेल तर प्रत्येक नवा शब्दतुकडा काढताना जवळजवळ सगळे ५ जीबी रॅममधून वाचावे लागतात. सेकंदाला २५.६ जीबी मिळत असतील तर पाचच्या वर तुकडे निघणं कठीण, ५१.२ मिळत असतील तर दहापर्यंत. पण मॉडेल आधी रॅममध्ये मावायला हवं, म्हणजे तिथेही पहिला प्रश्न आकाराचाच.

पायरी ४: एक स्टिक की दोन

वरचे २५.६ आणि ५१.२ कुठून आले? एका स्टिकचे २५.६, दोन स्टिकचे ५१.२. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांकडे रॅमपर्यंत जायला दोन वाटा असतात. एकच स्टिक लावली की एक वाट बंद पडून राहते. दुसरी लावली की रुंदी दुप्पट. २६६६ वरून ३२०० वर जाऊन २० टक्के मिळतात, तर साध्या २६६६ च्या दोन स्टिक लावून १०० टक्के. वेग हवा असेल तर तो मिळवायचा खरा रस्ता हा आहे, आणि त्यात आकारही वाढतो. डीडीआर५ ची एक स्टिक आतून दोन भागांत काम करते, म्हणून एकच पुरेल असं कुणी सांगेल. तिथेही दोन्ही भाग मिळून रुंदी जुन्याइतकीच आहे, त्यामुळे दोन स्टिकचा फायदा तसाच राहतो.

दोन्ही सारख्या आकाराच्या असल्या तर उत्तम, पण हट्ट नको. समजा लॅपटॉपमध्ये ८ ची एक स्टिक आहे आणि दुसरा स्लॉट मोकळा आहे. ८ घालून १६ करायचे की १६ घालून २४? बहुतेक लॅपटॉपमध्ये ८ आणि १६ ची जोडीही चालते. दोन्हींतले आठ-आठ जीबी दुहेरी वाटेने, उरलेले ८ एकेरी वाटेने. मोजल्यावर १६ पुरेसे वाटत असतील तर ८ घ्या. आत्ताच १६ च्या जवळ जात असाल तर १६ घ्या, जोडी विजोड दिसली तरी.

वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक एकत्र लावल्या की दोन्ही हळू स्टिकच्या वेगाने चालतात. जुनी २४०० ची ठेवून नवी ३२०० ची आणली, तर २४००. इथे पुष्कळ जण जुनी काढून टाकायचं ठरवतात. माझं मत उलट आहे. ३२०० च्या एका ८ जीबीपेक्षा २४०० चे दोन ८ जीबी जवळजवळ प्रत्येक कामाला सरस ठरतात. मोठ्या चार स्लॉटच्या डीडीआर५ लॅपटॉपमध्ये मात्र चारही भरल्यावर वेग बऱ्याचदा खाली येतो, तिथे दोन मोठ्या स्टिक बऱ्या.

आणखी एक सापळा सांगून ठेवतो. डीडीआर४ च्या काही स्टिकवर ३२०० आणि सीएल १६ असे आकर्षक आकडे असतात, पण शेजारी १.३५ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो वेग एक्सएमपी नावाच्या वेगळ्या सेटिंगने मिळतो. ते न वाचणाऱ्या लॅपटॉपमध्ये अशी स्टिक तिच्या मूळ, बऱ्याचदा कमी वेगाने चालते. लॅपटॉपसाठी १.२ व्होल्टची, जेडेकच्या (मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) प्रमाणित वेगाची साधी स्टिक घ्या.

पायरी ५: किती घ्यायची

४ जीबी असेल तर वेगाबद्दल बोलायलाही नको, वाढवा. ८ जीबीवर ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवणाऱ्याला १६ चा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. त्यातून काही भाग ग्राफिक्स चिपसाठी राखून ठेवलेला असतो, म्हणजे हातात पूर्ण ८ येतही नाहीत. १६ वर बहुतेकांनी थांबावं. प्रोग्रामिंगमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारे, व्हिडिओ किंवा मोठे फोटो हाताळणारे, एआय मॉडेल चालवणारे यांनी ३२ चा विचार करावा, तोही पायरी १ मधली मोजणी हातात घेऊन. ६४ कुणाला लागते हे ज्याला लागते त्याला आधीच ठाऊक असतं.

नवा लॅपटॉप घेत असाल आणि रॅम सोल्डर केलेली असेल, तर हाच प्रश्न जास्त गंभीर होतो, कारण नंतर काही करता येत नाही. तिथे ६४०० की ७५०० यापेक्षा १६ की ३२ याचा विचार जास्त वेळ करा.

पायरी ६: बसवताना

महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, हार्डवेअर बदलल्यावर कधी कधी ती मागितली जाते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मगच बाकीच्या भागांना हात लावा. अंगातली स्थिर वीज घालवायला एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा.

स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की जुनी स्टिक आपोआप तिरकी उभी राहते. नवी स्टिक कडांनी धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. खाच जुळवून साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही क्लिपा टक्कन बसतील. लॅपटॉप सुरूच होत नाही अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा स्टिक अर्धवट बसलेली असणं एवढंच कारण असतं.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही वेळ काळा राहील, डीडीआर५ असेल तर एक-दोन मिनिटंही. मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असतं. घाईने पॉवर बटण दाबून बंद करू नका. पाच मिनिटांनीही काही दिसलं नाही तर काढून पुन्हा बसवा. तरीही नाही, तर नवी स्टिक एकटी लावून बघा, मग जुनी एकटी, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकार आणि स्पीड तपासा. दोन वाटा चालू आहेत की नाही ते सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये दिसतं. रात्रभर मेमटेस्ट८६ किंवा विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवा. एकही चूक दाखवली तर स्टिक परत करा, आणि एखाद-दुसऱ्या चुकीने काय होतंय असं म्हणून ठेवून घेऊ नका, कारण अशी रॅम तुमच्या फाइली न सांगता खराब करते. सगळं नीट असेल तर पुन्हा रोजची तीच कामं उघडा आणि अव्हेलेबलचा आकडा आधीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. जुनी स्टिक काढली असेल तर ती महिनाभर तरी कुणाला देऊन टाकू नका.